'बघतो' म्हणजे नेमकं काय? ऑफिसातल्या स्वभावांची जर-तर वही

सोमवारी सकाळी टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक साधा मेसेज येतो: 'गुरुवारच्या प्रेझेंटेशनला मागच्या तिमाहीचे आकडे लागतील.' अकाउंट्समधल्या मॅडम विचारतात, 'कुठल्या फॉरमॅटमध्ये? मागच्या वेळचा चालेल?' सेल्समधला मुलगा अंगठा दाखवून 'होऊन जाईल' लिहितो. ऑपरेशन्सचे साहेब एवढंच विचारतात, 'गुरुवारी किती वाजता?' खिडकीजवळ बसणारा चौथा काहीच लिहीत नाही, निळ्या टिका तेवढ्या दिसतात. दुपारी डबे उघडेपर्यंत चौघांनाही नावं पडलेली असतात. मॅडम किचकट, मुलगा बोलबच्चन, साहेब खडूस, चौथा शिष्ट.

बुधवारी संध्याकाळी पाहावं तर त्या 'शिष्ट' माणसाने आपली शीट सोमवारी रात्रीच मेल करून टाकलेली असते आणि 'होऊन जाईल'वाल्याचे आकडे अजून यायचे असतात. तरीही नावं बदलत नाहीत. एकदा शिक्का बसला की पुढचं सगळं आपण त्या शिक्क्यातूनच वाचतो.

व्यक्ती तितक्या प्रकृती असं आपण म्हणतो खरं, पण ऑफिसात सात-आठ विशेषणांवर भागवतो: खडूस, घुम्या, आगाऊ, कुचका, चमचा, गोगलगाय. या शब्दांची अडचण अशी की ते ऐकून पुढे काय करायचं ते कळत नाही. 'साहेब खडूस आहेत' एवढ्यावरून रजेचा अर्ज त्यांच्याकडे कधी न्यावा हे कसं ठरवणार? 'सकाळी साडेअकराच्या आत गाठलं तर एका शब्दात नाही म्हणतात. जेवणानंतर दोन तारखा पुढे ठेवल्या तर त्यातली एक निवडतात' हे माहीत असेल, तर रजा मिळते.

स्वभाव असा जर-तरच्या वाक्यातच पकडावा, असं माझं ठाम मत आहे. याला मानसशास्त्राचा आधारही आहे. वॉल्टर मिशेल आणि युइची शोदा यांनी उन्हाळी शिबिरातल्या मुलांची निरीक्षणं केली आणि १९९५ साली त्यावरून सविस्तर मांडणी केली. एकूण मोजमापात दोन मुलं सारखीच भांडखोर निघायची. पण एक भडकायचं ते बरोबरीच्या मुलांशी गाठ पडली की, आणि दुसरं मोठ्यांनी दटावलं की. सरासरी एक, स्वभाव दोन. आणि ज्याचा त्याचा हा साचा पुन्हा पुन्हा तसाच दिसायचा. ऑफिसात याचा उपयोग सरळ आहे: माणूस 'कसा आहे' हे विचारण्यापेक्षा 'काय झालं की काय करतो' हे टिपायचं.

वही कशी लिहायची

साधी दोनशे पानी वही पुरते. ज्या पाच-सहा लोकांवाचून आपलं काम अडतं, तेवढ्यांचीच पानं करा. अख्ख्या मजल्याची नकोत. पानावर नाव लिहू नका, एखादं अक्षर किंवा खूण पुरे. वही घरी ठेवा. ऑफिसच्या लॅपटॉपवर किंवा शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असलं काही कधीही ठेवू नये. उद्या कुणी उघडलं तर विश्वास कायमचा गेला.

एका प्रसंगाला दोन ओळी. पहिलीत 'जर': वार, वेळ, काय मागितलं, कशावरून मागितलं (फोन, मेल की समोर जाऊन), आजूबाजूला कोण होतं. दुसरीत 'तर': त्या माणसाने नेमकं काय केलं किंवा कुठले शब्द वापरले. 'चिडले' लिहायचं नाही, तो आपला निष्कर्ष झाला. 'फाइल बंद केली आणि म्हणाले, मेल करा' असं लिहायचं. तीन आठवडे हे चाललं की प्रत्येक पानावर आठ-दहा नोंदी होतात. एकाच 'जर'ला तोच 'तर' तीनदा आला, तर तो साचा मानायला हरकत नाही. एकदाच आला असेल तर तो त्या दिवसाचा हवामान अंदाज समजा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे फक्त खटके उडाले तेव्हाच वही उघडणं. मग पान वाईट नोंदींनीच भरतं आणि आपल्या जुन्याच मताला पुरावा गोळा होतो. म्हणून काम सुरळीत झालं त्याची नोंद आधी करा. ज्या माणसाशी पटत नाही, त्याच्याकडून एखादं काम झटकन झालं असेल, तर त्या दिवशी 'जर'च्या ओळीत काय होतं, हेच सगळ्यात मोलाचं.

आधी वजाबाकी

मुंबईत स्वभावाबद्दल काही बोलण्याआधी लोकल वजा करावी लागते. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. जलद गाडीलाही सव्वा-दीड तास लागतो, आणि घर ते स्टेशन, स्टेशन ते ऑफिस हे वेगळंच. साडेनऊला जागेवर आलेल्या माणसाने दिवसातला सगळ्यात दमवणारा भाग आधीच उरकलेला असतो. त्याची पहिली वीस मिनिटं पाणी, चहा आणि पंख्याखाली जातात. त्या वेळी मिळालेलं तुटक उत्तर वहीत धरूच नका.

संध्याकाळचंही तसंच. पाच पन्नासला बॅग आवरायला घेणारी बाई कामचुकार म्हणून ओळखली जाते. तिची सहा वीसची गाडी ठरलेली आहे. ती चुकली तर पुढच्या गाडीत रोजच्या मैत्रिणींचा ग्रुप नाही, तिघींच्या बाकावर सरकून मिळणारी चौथी सीटही नाही, आणि पाळणाघरातून फोन सुरू होतात. पावणेसहाला 'दोन मिनिटं बोलायचंय' म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडणारच. तोच विषय साडेचारला काढा आणि फरक बघा. मीटिंग पाचच्या आत संपवली, तर टीममधले निम्मे 'अडेल' लोक अडेल राहत नाहीत.

दुसरी वजाबाकी तारखांची. अकाउंट्समधल्या माणसाला ७ तारखेपर्यंत टीडीएस (पैसे देताना कापलेला कर) भरायचा असतो, ११ ला जीएसटीआर-१ (जीएसटीसाठी विक्रीचा तपशील) आणि २० ला जीएसटीआर-३बी (जीएसटीचं महिन्याचं एकत्रित विवरण). या तारखांच्या आदल्या दोन दिवसांत त्यांच्याकडे जुनं बिल शोधायला गेलात, तर जे ऐकाल ते त्या तारखेचं बोलणं असतं. सेल्सवाल्यांचे महिन्याचे शेवटचे तीन दिवस, पगार करणाऱ्यांचा चौथा आठवडा आणि सगळ्यांचाच मार्च हेही यातच धरा. कॅलेंडरवर या तारखांना पेन्सिलीने खूण करून ठेवा. वाद कमी करायला याहून स्वस्त उपाय माझ्या पाहण्यात नाही.

कोकणातल्या सहकाऱ्यांसाठी एक तारीख आणखी. गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. त्या दिवसांत एरवी शांत असणारा माणूस फोनवरून डोकं वर काढत नसेल, तर त्याचं कामातलं लक्ष उडालेलं नाही. त्याला गावाला पोचायचं आहे.

तिसरी वजाबाकी भाषेची. तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं, म्हणून इथे जरा थांबतो. मुंबईच्या ऑफिसात मीटिंग इंग्रजीत, वाटाघाटी हिंदीत आणि मनातलं बोलणं मराठीत किंवा गुजरातीत चालतं. मीटिंगमध्ये तोंड न उघडणाऱ्याला आपण अंतर्मुख ठरवून मोकळे होतो. तोच माणूस टपरीवर कटिंग घेताना त्याच प्रोजेक्टमधल्या तीन चुका धडाधड सांगतो. तो अबोल नाही. इंग्रजी वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे सरकलेला असतो, एवढंच. लोकलच्या लेडीज डब्यात पाहा. ऑफिसात मान खाली घालून काम करणारी एखादी बाई तिथे दसऱ्याच्या पूजेची वर्गणी गोळा करते, झेंडूची तोरणं कुणी आणायची ते ठरवते, जागेवरून झालेलं भांडण दोन वाक्यांत मिटवते. हे नेतृत्व ऑफिसात दिसत नसेल, तर उणीव तिच्यात शोधण्याआधी ऑफिसात शोधावी. तिच्या हातात एखादं काम मराठीत, तोंडी आणि पूर्ण अधिकारासकट देऊन पाहावं.

चौथी वजाबाकी नोकरीच्या कागदाची. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरचा किंवा सहा महिन्यांच्या प्रोबेशनवरचा माणूस वरिष्ठांना उलट बोलत नाही. त्याला 'नम्र' म्हणून गौरवू नका. कायम झाल्यावर तो वाद घालायला लागला, तर 'डोक्यात हवा गेली' असंही म्हणू नका.

हे सगळं सांगण्याचं कारण म्हणजे आपली एक जुनी खोड. आपल्याला उशीर झाला तर गाडी लेट असते; दुसऱ्याला झाला तर तो माणूस बेशिस्त. परिस्थितीचा वाटा विसरून सगळं स्वभावाच्या खात्यावर टाकायच्या या चुकीला ली रॉस यांनी १९७७ साली नाव दिलं आणि तेव्हापासून ती सामाजिक मानसशास्त्राच्या पहिल्या धड्यांत शिकवली जाते.

पहिला प्रश्न ऐका

वजाबाकी करून जे उरतं त्यातलं बरंच काही एका खुणेवरून कळतं. नवं काम समोर आल्यावर माणूस पहिला प्रश्न कोणता विचारतो? साधारण चार प्रश्न ऐकू येतात: 'कधीपर्यंत?', 'कशासाठी?', 'आधी कसं केलं होतं?' आणि 'अजून कोण आहे यात?' एकच माणूस चारही विचारू शकतो. पण ओठावर आधी कुठला येतो, तिथे त्याची पहिली काळजी असते.

'कधीपर्यंत' विचारणाऱ्याला निर्णय हवा असतो. त्याला गोष्ट सुरुवातीपासून सांगू नका. पहिल्या ओळीत काय हवं, दुसरीत कधी, तिसरीत दोन पर्याय. मेल पाच ओळींत बसला पाहिजे. तिसऱ्या वाक्याला त्याने तोडलं तर अपमान मानू नका, त्याला मुद्दा मिळालेला असतो. त्याचा धोका असा की अर्ध्या माहितीवर निर्णय होऊन जातो. म्हणून जी अडचण डावलून चालणारच नाही, ती शेवटी राखून न ठेवता पहिल्याच ओळीत घाला: 'क्लायंटने अजून सही केलेली नाही. तरीही माल पाठवायचा का?'

'आधी कसं केलं होतं' विचारणाऱ्यांवर सगळ्यात जास्त अन्याय होतो. त्यांना किचकट म्हटलं जातं, आणि ऑडिटच्या वेळी सगळे त्यांच्याच टेबलाभोवती जमतात. अशा माणसाकडे 'काहीतरी रफ द्या ना' हे मागणं चुकीचं आहे. रफ म्हणजे किती रफ, हे त्यांना कळत नाही आणि चुकलं तर सही त्यांची असते. त्यांना माप द्या: 'फक्त तीन आकडे हवेत. विक्री, येणी, परतावा. लाखात द्या, दशांश नको. वर कच्चं असं लिहीन. उद्या अकरापर्यंत.' एवढं सांगितलं की हीच मंडळी दहा वाजता आकडे देतात. सोबत जुना नमुना जोडला तर आणखी लवकर. ऐनवेळी फोन करून घाई केलीत तर 'नाही होणार' ऐकू येईल. त्याचा अर्थ बहुतेकदा 'बरोबर नाही होणार' असा असतो. मग विचारायचं, 'यातलं किती बरोबर होईल?' आणि तेवढंच घ्यायचं. त्यांनी चूक दाखवली तर 'जाऊ द्या हो' म्हणू नका. ती चूक खरी असेल तर आभार माना, किरकोळ असेल तर 'यादीत टाकतो, गुरुवारनंतर करू' म्हणा आणि खरोखर यादीत टाका. गुरुवारनंतर ते विचारणारच.

'कशासाठी' विचारणाऱ्याला हेतू कळला की तो कामात बुडतो. नाही कळला तर टाळतो. सुरुवात जोरदार, शेवट रखडलेला, हा त्याचा नेहमीचा साचा. त्याच्यासोबत शेवटचे दुवे जुळवणारा माणूस द्या. काम 'जवळजवळ झालंय' असं तो म्हणेल तेव्हा उरलेल्या गोष्टी समोर बसून मोजा. त्या पाच-सहा निघतात.

'अजून कोण आहे यात' विचारणाऱ्याला माणसं सांभाळायची असतात. त्याला नाही म्हणता येत नाही, आणि हेच ओळखायला अवघड जातं, कारण तो त्रास देत नाही. चार जणांची कामं घेऊन बसतो, डब्याला येणं बंद करतो आणि एक दिवस आजारी पडतो किंवा राजीनामा देतो. त्याला 'जमेल का?' असं विचारण्यात अर्थ नाही, उत्तर 'हो' हेच येणार. 'आत्ता हातात काय काय आहे, सांगाल?' असं विचारा, कागदावर उतरवा, आणि आपलं काम द्यायचं असेल तर आधीचं कुठलं मागे ठेवायचं ते आपणच ठरवून द्या.

'बघतो', 'होऊन जाईल', 'चालेल'

या तीन शब्दांनी मुंबईतल्या ऑफिसांचे जितके तास खाल्ले असतील, तितके सर्व्हर बंद पडल्यानेही गेले नसतील. 'बघतो' एकाच्या तोंडी होकार असतो, दुसऱ्याच्या तोंडी सभ्य नकार. तपासून मगच शब्द देणारा माणूस 'बघतो' म्हणतो तेव्हा तो खरंच बघणार असतो. माणसं न दुखावणारा 'बघतो' म्हणतो तेव्हा बहुतेकदा नाहीच असतं. साहेबांचा 'बघतो' म्हणजे अजून निर्णय झालेला नाही. कुणाचा कुठला, हे वहीतूनच कळतं: मागच्या पाच 'बघतो'पैकी किती कामं झाली, ते मोजा.

तोपर्यंत एक सोपी रीत. 'बघतो' ऐकलं की 'कधी बघाल?' असं थेट विचारलं तर टोचतं. 'मग मी मंगळवारी चारला आठवण करू का?' असं विचारावं. खरा होकार असेल तर 'करा' येतं किंवा 'त्याआधीच देतो' येतं. नकार असेल तर इथेच 'अहो, तसं नाही, त्याचं काय आहे...' सुरू होतं. ते शांतपणे ऐकून घ्या, खरी अडचण त्यात असते. 'होऊन जाईल'वाल्याला पुढचं एकच पाऊल विचारा: 'आज त्यातलं काय करशील?' आणि 'चालेल' फार पटकन आलं तर, विशेषतः कनिष्ठ सहकाऱ्याकडून, 'यात तुला काय खटकतंय?' असं विचारून थांबा. थांबणं महत्त्वाचं. आपण लगेच पुढचं वाक्य बोललो तर प्रश्न विचारून उपयोग नाही. मनात दहा आकडे मोजा.

मीटिंगसाठीही हेच. विषय आणि ठरवायचे प्रश्न आदल्या दिवशी लिहून पाठवले, की विचार करून बोलणारे तयारीने येतात. मत विचारताना सगळ्यात कनिष्ठापासून सुरुवात करा. साहेब आधी बोलले की बाकीचे त्याच अंगाने बोलतात. 'मराठीत बोललं तरी चालेल' हे वाक्य मीटिंग घेणाऱ्याने स्वतः म्हणावं आणि दोन वाक्यं स्वतः मराठीत बोलावीत, नाहीतर कुणी धीर करत नाही. टीममध्ये मराठी न समजणारं कुणी असेल, तर त्या दोन वाक्यांचा अर्थ तिथल्या तिथे सांगायचा. मीटिंगनंतर संध्याकाळपर्यंत लेखी मतांसाठी जागा ठेवा. खिडकीजवळच्या चौथ्या माणसाचं खरं मत तिथे मिळेल.

चाचण्यांचं काय

बऱ्याच कंपन्या ट्रेनिंगच्या दिवशी स्वभावाची चाचणी देतात आणि प्रत्येकाच्या हातात चार अक्षरं किंवा एखादा रंग पडतो. त्यांच्याकडे तुच्छतेने पाहायचं कारण नाही, पण त्यांची कुवत माहीत असावी. चार अक्षरांचा मायर्स-ब्रिग्ज हा प्रकार कार्ल युंग यांच्या १९२१ मधल्या मांडणीवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांच्या कन्या इझाबेल मायर्स यांनी तयार केला. त्यात माणसं सोळा खणांत बसवतात. अडचण खणांचीच आहे. उंचीने सगळ्यांना 'उंच' आणि 'बुटके' अशा दोन रांगांत उभं केलं तर मधल्या उंचीच्या लोकांचं काय करायचं? स्वभावाचंही तसंच, बहुतेक लोक मध्यावरच असतात. त्यामुळे काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की पुष्कळांची अक्षरं बदलतात. नोकरीला माणूस निवडताना ही चाचणी वापरू नये, असं ती प्रसिद्ध करणारेही सांगतात. डी-आय-एस-सी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चार शैलींचं (वर्चस्व, प्रभाव, स्थैर्य, काटेकोरपणा) मूळ विल्यम मार्स्टन यांच्या १९२८ मधल्या लेखनात आहे. चाचण्या इतरांनी नंतर बनवल्या.

संशोधनात जास्त भरवशाची मानली जाते ती पाच गुणांची मोजपट्टी: नव्याची ओढ, काटेकोरपणा, लोकांत मिसळणं, जुळवून घेणं आणि मनाची अस्वस्थता. तिची मुळं भाषेत आहेत. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोशातून माणसांचं वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेचून काढले. पुढच्या काही दशकांत अशाच शब्दांचे गट पाडता पाडता पाच मोठे गट उरले. यात खण नाहीत, पट्टी आहे. १९९१ साली बॅरिक आणि माउंट यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा काटेकोरपणा हा एकच गुण सगळ्या प्रकारच्या नोकऱ्यांत चांगल्या कामाशी जोडलेला दिसला. आपल्या किचकट मॅडमच्या बाजूने हा पुरावा नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

निकालाचा कागद हातात आल्यावर 'अगदी मीच!' असं वाटलं तरी जपून. १९४८ साली बर्ट्रम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांना चाचणी दिली आणि निकाल म्हणून सगळ्यांना एकच मजकूर वाटला. तो स्टॉलवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून जुळवलेला होता. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला सरासरी ५ पैकी ४.२६ गुण दिले. तेव्हा कागदावरची वाक्यं एकेक घेऊन विचारा: हे शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही लागू पडेल का? पडत असेल तर खोडा. उरलेल्या दोन-तीन वाक्यांवर टीमशी बोला, 'हे माझ्या बाबतीत कधी दिसतं?' असं विचारा. उत्तरं जर-तरमध्ये येतात, आणि चाचणीच्या पैशांतली खरी वसुली तीच. 'तू हिरवा आहेस ना, तुला नाही कळणार' असं बोलणं टीममध्ये सुरू झालं, तर मात्र ते कागद परत गोळा करा.

जे स्वभावात मोडत नाही

'त्यांचा स्वभावच तसा आहे' हे वाक्य काही ठिकाणी चालू देता कामा नये. सगळ्यांसमोर आईबहिणीवरून बोलणं, जातीवरून किंवा आडनावावरून टोमणे, बाईच्या कपड्यांवर शेरे, नको तिथे हात लावणं, हे कुठल्याही जर-तरमध्ये बसवायचं नसतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते आणि तक्रार प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. समितीतल्या सदस्यांची नावं ऑफिसात लावलेली असायला हवीत. नसतील तर एचआरला मेल करून मागा. अशा प्रसंगांची नोंद वेगळ्या वहीत, तारीख, वेळ आणि साक्षीदारांसकट ठेवा.

आपलं पान

वहीतलं एक पान स्वतःसाठी राखून ठेवा, कारण इतर लोकही आपल्याला कुठल्यातरी विशेषणात बसवून मोकळे झालेले असतात. रोज आपल्याशी काम करणाऱ्या दोन लोकांना विचारा, एक आपल्याशी जुळणारा आणि एक न जुळणारा. 'मी कसा आहे?' हा प्रश्न नको, त्याला कुणी खरं उत्तर देत नाही. 'माझ्याकडून काम पटकन होतं ते काय केलं की? आणि अडतं ते कधी?' असं विचारा. टपरीवर विचारा, कॅबिनमध्ये नको. सांगतील तेव्हा सफाई देऊ नका. फक्त लिहून घ्या.

मग त्यातून अर्धा पान मजकूर तयार करा आणि नवा माणूस टीममध्ये आला की पहिल्याच आठवड्यात त्याला द्या, त्याच्याकडूनही असाच घ्या. मजकूर असा असावा: 'सकाळी दहापर्यंत मी कमी बोलतो, प्रवास लांबचा आहे, राग नसतो. तातडीचं असेल तर फोन करा, मेसेज मी दर तासाने बघतो. माझी चूक मेलवर सगळ्यांना सीसी करून दाखवलीत तर मी वाद घालत बसतो; जागेवर येऊन सांगितलीत तर पाच मिनिटांत दुरुस्त होते. मी "बघतो" म्हटलं आणि दोन दिवसांत काही कळवलं नाही, तर मी विसरलेलो असतो. आठवण करा.'